दिवा लागतो, पण गेम ऐकत नाही: साडेतीनशेचा गेमपॅड पीसीवर कसा चालवायचा

(या भागात जे बोललो तेच खाली लिहून काढलंय. ऐकताना सेटिंगची नावं निसटतात, म्हणून ती जागा थोडी सविस्तर केली आहे. इंग्रजी अक्षरं जिथे टाइप करायची आहेत तिथे सुटी सुटी करून दिली आहेत.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. सोलापूरच्या एका श्रोत्याने पाठवला होता, बारावीत आहे. म्हणाला, "दादा, साडेतीनशेचा यूएसबी गेमपॅड आणला. लॅपटॉपला लावला की लाल दिवा लागतो. पण गेम सुरू केला की एकही बटण चालत नाही. दुकानदार म्हणतो, माल चेक करून दिलाय, परत घेणार नाही. मग मी नेटवरून ड्रायव्हर शोधून टाकला..."

इथे तो थांबला. कारण ड्रायव्हर टाकल्यापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान येत होतं, कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी जाहिरात उगवत होती, आणि लॅपटॉप त्याचा नव्हता. ताईचा होता. ताई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच लॅपटॉपवर, आणि सबमिशन चार दिवसांवर. "ताईला अजून सांगितलं नाहीये," हे शेवटचं वाक्य.

त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. पण हा मेसेज काही एकट्याचा नाही. 'पॅड लागतो पण गेममध्ये चालत नाही' हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारलाय की एकदा नीट बसून बोलायलाच हवं होतं. आणि आधीच सांगतो, दहापैकी नऊ वेळा पॅड खराब नसतो, दुकानदाराने फसवलेलं नसतं, आणि ड्रायव्हरचा तर यात काही संबंधच नसतो.

आधी पॅड जिवंत आहे का ते बघू

दिवा लागला म्हणजे पॅड चालू झाला असं आपण धरून चालतो. दिव्याचा अर्थ फक्त एवढाच की यूएसबीच्या वायरमधून पाच व्होल्ट पॅडपर्यंत पोचले. लॅपटॉपने पॅडला ओळखलं की नाही, हे दिवा सांगत नाही.

ते बघायला विंडोजमध्ये एक जुनी खिडकी आहे. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटा चौकोन येईल. त्यात टाइप करा: जे, ओ, वाय, मग टिंब, मग सी, पी, एल. सगळं जोडून, मध्ये जागा न सोडता. एंटर. 'गेम कंट्रोलर्स' नावाची खिडकी उघडेल. दिसायला अगदी विंडोज ९८ च्या जमान्यातली वाटते, पण विंडोज ११ मध्येही ती आहे. यादीत तुमच्या पॅडचं नाव दिसेल. 'जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक', 'यूएसबी गेमपॅड', असं काहीतरी. ते निवडून 'प्रॉपर्टीज' दाबा.

आता पॅडवरचं एकेक बटण दाबा. स्क्रीनवर आकड्यांचे लाल गोल पेटले, स्टिक फिरवल्यावर चौकोनातली अधिकची खूण हलली, की पॅड शंभर टक्के चांगला. दुकानदाराला शिव्या देणं बंद करा.

एक गोष्ट इथेच. स्वस्त पॅडच्या मधोमध बरेचदा 'ॲनालॉग' किंवा 'मोड' लिहिलेलं बटण असतं. ही प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची नक्कल आहे, म्हणून ते तिथे आलं. लाल दिवा त्या मोडचाच असतो बऱ्याच पॅडमध्ये. दिवा बंद असेल तर डाव्या स्टिकची हालचाल आणि चार दिशांची बटणं, म्हणजे डी-पॅड, दोन्ही एकच काम करतात, आणि उजवी स्टिक तर काही पॅडवर चक्क १, २, ३, ४ बटणांसारखी वागते. कॅमेरा फिरवायला जाता आणि गाडीतून उडी मारता! तर दिवा लावून टेस्ट करा, आणि तो लावूनच खेळा.

यादीत नावच आलं नाही तर पोर्ट बदला, हब मधून काढा, सरळ लॅपटॉपला लावा. वायरलेस पॅड केबलने जोडत असाल तर केबल बदला. कित्येक स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. पॅड चार्ज होतो आणि लॅपटॉपला मात्र पत्ताच नसतो.

ब्राउझरमध्येही गेमपॅड तपासणारी पानं मिळतात. तिथे एक गंमत आहे. पान उघडल्यावर 'कंट्रोलर सापडला नाही' असंच दिसतं, आणि पोरं घाबरतात. एक बटण दाबा, मग दिसेल. ब्राउझर मुद्दामच लपवून ठेवतो. तुम्ही स्वतः बटण दाबल्याशिवाय कुठल्याही वेबसाइटला तुमच्याकडे काय जोडलंय ते कळू नये म्हणून.

मग गेम का ऐकत नाही?

कारण भाषा. विंडोजवर गेम आणि कंट्रोलर यांच्यात बोलण्याच्या मुख्य दोन पद्धती आहेत, आणि त्या एकमेकांना कळत नाहीत.

जुनी पद्धत 'डायरेक्टइनपुट'. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने गेमसाठी डायरेक्टएक्स आणलं, त्यातला हा भाग. त्या काळात जॉयस्टिकचे नाना प्रकार होते. विमानाची दांडी, स्टिअरिंग, पेडल, कशाला सहा बटणं, कशाला वीस. म्हणून पद्धत अशी ठेवली की जो येईल त्याने स्वतःची ओळख स्वतःच सांगायची. यूएसबीमध्येही तसंच आहे. पॅड जोडला की तो सांगतो, माझ्याकडे १२ बटणं आहेत, चार अक्ष आहेत, एक डी-पॅड आहे. डायरेक्टइनपुटमध्ये आठ अक्ष आणि १२८ बटणांपर्यंत सोय आहे. पण पॅड हे सांगत नाही की बटण ३ म्हणजे खालचं की डावीकडचं. त्याच्या लेखी तो नुसता आकडा. त्यामुळे गेमला तुम्हालाच विचारावं लागायचं: उडी कुठल्या बटणावर? ब्रेक कुठल्या? जीटीए सॅन अँड्रियास पीसीवर २००५ मध्ये आला, त्यातला 'जॉयपॅड'चा मेनू आठवा. एकेक ओळ निवडायची आणि एकेक बटण दाबायचं. म्हणूनच जुन्या गेममध्ये तुमचा साडेतीनशेचा पॅड थेट चालतो. मित्राकडे चालतो आणि माझ्याकडे नाही, याचं उत्तर बरेचदा हेच. मित्राचा गेम जुना आहे.

मग २००५ मध्येच एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्यासोबत नवी पद्धत आली, 'एक्सइनपुट'. यात विचारणं नाहीच. कंट्रोलर एकाच ठरलेल्या आकाराचा असणार. दोन स्टिक, एक डी-पॅड, ए, बी, एक्स, वाय ही चार बटणं, वर दोन शोल्डर बटणं, दोन ट्रिगर, स्टार्ट, बॅक, आणि स्टिक दाबल्यावरची दोन. बस. एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर.

फरक कसा, तर गावाकडे पत्ता सांगतात ना, मारुतीच्या देवळासमोरून आत, पिंपळ लागला की डावीकडे, तिसरं घर. ते डायरेक्टइनपुट. ऐकणाऱ्याला गाव माहीत असेल तर पोचतो, नाहीतर फिरत बसतो. एक्सइनपुट म्हणजे छापील फॉर्म. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड. रकाने ठरलेले. गेम बनवणाऱ्याला फॉर्मच सोयीचा, कारण स्क्रीनवर 'ए दाबा' असं निर्धास्त दाखवता येतं. त्यात मायक्रोसॉफ्टने 'गेम्स फॉर विंडोज' असा शिक्का काढला, आणि त्या शिक्क्यासाठी एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर चालणं ही एक अट होती. हळूहळू अनेक गेमनी जुना पत्ता विचारणं सोडूनच दिलं.

आणि ज्या गेमला फक्त एक्सइनपुट येतं, त्याच्या दृष्टीने तुमचा पॅड 'चुकीचा' नाहीये. तो तिथे नाहीच आहे. म्हणून एररही येत नाही. काही जोडलेलंच नसल्यासारखा गेम शांत बसतो.

हे स्वस्त-महागाचं नाही बरं का. प्लेस्टेशन ४ चा ओरिजिनल कंट्रोलर केबलने लॅपटॉपला लावा, तो पण एक्सइनपुट बोलत नाही. ज्या गेमने त्याची वेगळी सोय केलेली नाही तिथे तोही असाच गप्प बसेल. हजारो रुपयांचा पॅड आणि साडेतीनशेचा पॅड, दोघे एकाच रांगेत.

अर्धवट चालतो तेव्हा जास्त वैताग येतो

काही गेम दोन्ही भाषा थोड्या थोड्या समजतात. तिथे मजा बघा. तुमचा पॅड दिसतो, पण बटणं उलटीसुलटी. कारण क्रमांक लावायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. प्लेस्टेशन २ च्या नकलेत बहुतेक वेळा वरचं बटण १, उजवीकडचं २, खालचं ३, डावीकडचं ४. लॉजिटेकच्या जुन्या ड्युअल ॲक्शन पॅडवर डावीकडचं १, खालचं २, उजवीकडचं ३, वरचं ४. गेम 'दोन नंबर' ऐकतो, आणि दोघांचं दोन नंबर वेगळं.

दुसरा प्रकार म्हणजे कॅमेरा आपोआप गरगर फिरणं, किंवा गाडी हात न लावता पळणं. पोरांना वाटतं स्टिक खराब झाली. आधी अक्षांची अदलाबदल झालीय का ते बघा. स्टिक सोडली की मध्यावर येते, म्हणजे ० ते २५५ मध्ये समजा १२७ किंवा १२८ च्या आसपास. ट्रिगर सोडला की ० वर येतो. आता गेमने तुमच्या उजव्या स्टिकच्या अक्षाला चुकून ॲक्सिलरेटर समजलं, तर त्याला काय दिसेल? ॲक्सिलरेटर कायम अर्धा दाबलेला. स्टिक बिचारी अगदी बरोबर मध्यावर उभी आहे.

खरोखर स्टिक सरकलेली असेल तर त्याच जुन्या खिडकीत प्रॉपर्टीजमध्ये 'सेटिंग्स', आणि तिथे 'कॅलिब्रेट' आहे. आधी टेस्टमध्ये बघा. स्टिक सोडल्यावर खूण मध्यभागी येत नसेल तरच कॅलिब्रेट करा, उगाच करू नका.

ड्रायव्हर, आणि ताईचा लॅपटॉप

आता त्या श्रोत्याकडे. ड्रायव्हर त्याने का शोधला? कारण पॅडच्या खोक्यात एक छोटी सीडी होती, आठ सेंटिमीटरची, आणि ताईच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. साहजिक आहे, सीडी दिलीय म्हणजे काहीतरी टाकायचं राहिलं, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

त्या सीडीत बहुतेक वेळा व्हायब्रेशनचा ड्रायव्हर असतो. पॅड थरथरायला लागतो तो. बटणं चालायला काहीही लागत नाही. साध्या यूएसबी पॅडसाठीचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असतो. कीबोर्ड, माउस आणि गेमपॅड हे एकाच कुटुंबात मोडतात, त्याला एचआयडी म्हणतात. माउस आणल्यावर तुम्ही ड्रायव्हर शोधता का? तसंच हे. त्या जुन्या खिडकीत नाव दिसलं आणि बटणं पेटली, म्हणजे ड्रायव्हर बसलाय आणि कामही करतोय. तिथून पुढे 'गेमपॅड ड्रायव्हर डाउनलोड' असं सर्च करणं म्हणजे घरात असलेली किल्ली रस्त्यावर अनोळखी माणसाकडे मागणं.

त्याला सांगितलं ते असं. आधी वायफाय बंद कर. रिपोर्ट आणि प्रोजेक्टच्या फाइली, म्हणजे फक्त डॉक्युमेंट, पेनड्राइव्हवर घे. मग सेटिंग्समध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लाव आणि त्या दिवशी आलेलं जे जे अनोळखी आहे ते काढ. तीन निघाली! ड्रायव्हर एक टाकला होता, आली तीन. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही बघायला लावली, तिथे एक होतं. मग विंडोज सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन. त्यात लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. आणि हे सगळं करायच्या आधी ताईला सांग, कारण तिचे पासवर्ड त्या ब्राउझरमध्ये आहेत आणि ते तिलाच बदलावे लागतील, तेही दुसऱ्या मशीनवरून.

ताईला सांगणं त्याला स्कॅनपेक्षा अवघड गेलं. पण रिपोर्ट सुखरूप आहे, सबमिशन वेळेत झालं, आणि ताई आता लॅपटॉपला पासवर्ड लावते. पॅडचं काय झालं, तर सबमिशन झाल्यावर ताईच्याच समोर बसून दहा मिनिटांत चालू केला. कसा, ते आता.

दुभाषा बसवायचा

गेमला फॉर्म हवा, पॅड तोंडी पत्ता सांगतो. मध्ये एक जण बसवायचा, जो तोंडी ऐकून फॉर्म भरून देईल. एवढंच.

सगळ्यात सोपा दुभाषा म्हणजे स्टीम. फुकट आहे, आणि गेम स्टीमवरचाच असला पाहिजे असंही नाही. पॅड जोडा, स्टीम उघडा, सेटिंग्समध्ये 'कंट्रोलर' भागात जा. स्टीमला पॅड ओळखीचा नसेल तर तो एक चित्र दाखवतो आणि विचारतो, हे बटण तुझ्याकडे कुठलं, ते दाब. घाई न करता एकेक दाबायचं. आपल्या पॅडवर नसलेलं बटण आलं, उदाहरणार्थ मधलं गोल गाइड बटण, तर सोडून द्यायचं. इथे चित्रातल्या जागा बघा, अक्षरं नाही. खालचं बटण विचारलं की आपलं खालचं दाबा, त्यावर ३ लिहिलेलं असो नाहीतर फुली काढलेली असो.

मग गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि तिथे 'एनेबल स्टीम इनपुट'. आता गेमला तुमचा पॅड एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून दिसतो.

गेम दुसरीकडचा असेल तर स्टीमच्या खिडकीत खाली डावीकडे 'ॲड अ गेम' आहे, त्यात 'ॲड अ नॉन-स्टीम गेम'. गेमची मुख्य ईएक्सई फाइल निवडा. महत्त्वाचं म्हणजे, यापुढे गेम सुरू करायचा तो स्टीममधूनच. डेस्कटॉपच्या आयकॉनवरून केला तर दुभाषा घरीच राहिला. आणि ज्या गेमला स्वतःचं वेगळं लाँचर आहे तिथे कधी कधी हे जमत नाही, कारण स्टीमने लाँचर सुरू केलं आणि लाँचरने गेम, मग स्टीमचा हात सुटतो.

आणखी एक. स्टीम मागे चालू असताना डेस्कटॉपवर पॅडची स्टिक हलवली की माउस हलायला लागतो. व्हायरस नाहीये, ते स्टीमचं 'डेस्कटॉप लेआउट' आहे. सेटिंग्समधूनच बंद होतं.

स्टीम नको असेल, किंवा चार जीबी रॅमच्या मशीनवर जड पडत असेल, तर जुना गडी आहे, एक्स-३६०-सी-ई. नावातच सगळं आहे, एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर एम्युलेटर. याच्या दोन पिढ्या माहीत असाव्यात, कारण यूट्यूबच्या जुन्या व्हिडिओंमध्ये एक दाखवतात आणि डाउनलोड होतं दुसरं.

जुनी, म्हणजे तिसरी आवृत्ती. ही गेमच्या फोल्डरमध्येच ठेवायची. ती तिथे एक्सइनपुटच्या नावाची एक डीएलएल फाइल बनवते. विंडोजची रीत अशी की गेमला अशी फाइल लागली की तो आधी आपल्याच फोल्डरमध्ये बघतो, तिथे मिळाली नाही तरच विंडोजच्या फोल्डरमध्ये जातो. त्यामुळे खरी फाइल राहते बाजूला आणि आपली नक्कल वाचली जाते. युक्ती झकास आहे. अट एकच, गेम ३२-बिट असेल तर ३२-बिटची फाइल, ६४ असेल तर ६४ ची. हे चुकलं तर गेम एक तर एरर देतो किंवा पॅडकडे ढुंकून बघत नाही. 'सगळं केलं तरी चालत नाही' म्हणणाऱ्यांचं बरेचदा इथेच चुकलेलं असतं.

चौथी आवृत्ती वेगळी. ती गेमला हात लावत नाही, विंडोजमध्येच एक खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करते. त्यासाठी 'विजेम बस' नावाचा ड्रायव्हर लागतो. हो, आत्ता मी ड्रायव्हर नको म्हणालो आणि आता लागतो म्हणतोय. हा पॅडचा ड्रायव्हर नाही, खोट्या कंट्रोलरचा आहे. त्याचं पुढचं काम २०२३ मध्ये थांबवलं गेलं, पण आहे तो चालतो. घ्यायचा तो मूळ प्रोजेक्टच्या गिटहबच्या पानावरूनच.

खोटा कंट्रोलर उभा केला की एक नवी कटकट येते. काही गेमना आता दोन पॅड दिसतात, एक खरा आणि एक खोटा. मेनूमध्ये एकदा खाली दाबलं की दोन ओळी सरकतात. याला 'डबल इनपुट' म्हणतात. अशा वेळी 'हिडहाइड' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. ते खरा पॅड गेमपासून लपवतं आणि फक्त दुभाष्याला दिसू देतं. स्टीम आणि एक्स-३६०-सी-ई दोन्ही एकदम चालू ठेवले तरी असाच गोंधळ होतो. दुभाषा एकच ठेवा.

ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये मात्र तिसऱ्या आवृत्तीची डीएलएल टाकायला जाऊ नका. चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा हेतू कळत नाही, त्याला एवढंच दिसतं की गेमच्या फाइलच्या जागी परकी फाइल आलीय. अकाउंट जाऊ शकतं. आणि व्हॅलोरंटसारख्या गेमला तर पीसीवर कंट्रोलर चालतच नाही, तिथे झटापट करण्यात अर्थ नाही.

काही गेमना पॅड आपोआप कसा ओळखू येतो?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता, आणि उत्तर मला फार आवडलं. प्रत्येक यूएसबी वस्तूला दोन क्रमांक असतात, कंपनीचा आणि वस्तूचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॅडच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की दिसतात. स्वस्त पॅडवर फार वेळा दिसणारी जोडी म्हणजे व्हीआयडी ००७९ आणि पीआयडी ०००६. ००७९ हा ड्रॅगनराइज नावाच्या कंपनीचा क्रमांक. खोक्यावर नाव काहीही असो, आतली चिप हीच. एकाच वायरवर दोन पॅड येतात ना, भावा-बहिणीसाठीचे, ते बरेचदा ०८१० आणि ०००१ असतात, आणि यादीत दोनदा दिसतात.

एसडीएल नावाची लायब्ररी आहे, खूप गेम ती वापरतात. तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी मिळून एक साधी मजकुराची फाइल बनवलीय. प्रत्येक ओळीत एका पॅडची ओळख आणि त्याच्या कुठल्या क्रमांकाचं बटण म्हणजे कुठलं, एवढंच. कुणीतरी कुठेतरी तुमच्यासारखाच पॅड आणला, वैतागला, बटणं मोजली आणि ओळ लिहून टाकली. म्हणून तुमच्याकडे तो काही न करता चालतो. लिनक्समध्येही असंच आहे. ड्रॅगनराइजच्या या चिपसाठी कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर आहे.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. हाच पॅड ओटीजी अडॅप्टरने अँड्रॉइड फोनला लावता येतो. तिथे एक्सइनपुटची भानगड नाही. अनेक एम्युलेटर बटणं नेमायला देतात, तिथे छान चालतो. ज्या गेममध्ये कंट्रोलरची सोयच दिलेली नाही तिथे फोनवरही चालणार नाही.

जे होणार नाही ते

दुभाषा भाषा बदलतो, पॅड बदलत नाही. साडेतीनशेच्या पॅडवर एल-२ आणि आर-२ ही साधी बटणं असतात, दाबलेलं किंवा न दाबलेलं. एक्सबॉक्सच्या ट्रिगरसारखं थोडं-थोडं दाबता येत नाही. म्हणून रेसिंग गेममध्ये एक तर फुल ॲक्सिलरेटर नाहीतर शून्य. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक उजव्या स्टिकच्या वर-खाली लावून बघा, सवय झाली की बरं जमतं, पण मग कॅमेरा गेला. फुटबॉल, मारामारीचे गेम, प्लॅटफॉर्मवर उड्या मारायचे गेम, यांना काही अडत नाही. व्हायब्रेशनची आशा ठेवू नका.

पुढचा पॅड घ्याल तेव्हा, लॅमिंग्टन रोडला घ्या, तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, खोक्यावर 'एक्स-इनपुट' लिहिलंय का तेवढं वाचा. काही पॅडवर दोन्ही पद्धती असतात. लॉजिटेकच्या एफ-३१० ला मागे एक्स आणि डी असं बटणच आहे. इतर काही पॅडवर मधलं होमचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की मोड बदलतो. पॅड एक्स मोडमध्ये गेला की त्या जुन्या खिडकीत त्याचं नाव बरेचदा बदलतं. घरात असा पॅड आधीच पडलेला असेल आणि चालत नसेल, तर वरचं सगळं करायच्या आधी ते बटण एकदा दाबून बघा. एका श्रोतीने दोन दिवस एक्स-३६०-सी-ई शी मारामारी केली आणि मग तिच्या लहान भावाने ते मागचं बटण सरकवलं.

इतकं करूनही अडलं तर मेसेज करा, पण 'दादा पॅड चालत नाही' एवढंच पाठवू नका. हार्डवेअर आयडीचे दोन्ही क्रमांक, गेमचं नाव, गेम कुठून सुरू करताय ते, आणि प्रॉपर्टीजच्या खिडकीत खालचं बटण दाबल्यावर कुठला आकडा पेटतो त्याचा फोटो, एवढं पाठवा.